दोन रुपये शहाऐंशी पैसे दंड

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं वाचनालय आहे. देवघेव, वर्गणी, विलंब शुल्क, पुस्तकांच्या पाठीवरची लेबलं, सगळं एका प्रोग्रॅमवर चालतं. गावातल्याच एका इंजिनिअरिंगच्या मुलाने तो २०१२ मध्ये पायथॉन या संगणकभाषेच्या २.७ आवृत्तीत लिहून दिला होता. तो आता परदेशात असतो. संगणक विंडोज ७ चा. नोंदी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या) फायलींत आहेत. अध्यक्ष म्हणतात, चालतंय तर हात कशाला लावायचा? भाची म्हणते, टाकून द्या, मी महिन्याभरात नवं लिहून देते. मी स्वतः थोडं पायथॉन शिकले आहे. काय करू? – एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, अध्यक्ष अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पायथॉन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली आणि २.७.१८ ही शेवटची आवृत्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली, पण त्यामुळे कोणाचा चालता प्रोग्रॅम बंद पडला नाही. घोळ होतो तो हार्ड डिस्क गेल्यावर. नव्या संगणकावर २.७ बसतं, पण सोबतची छोटी पॅकेजेस आणायला जावं तर पिप या पॅकेजेस आणून बसवणाऱ्या साधनाच्या नव्या आवृत्त्यांनी जानेवारी २०२१ पासून २.७ ला दार बंद केलंय. काउंटरवर सभासद ताटकळत असताना हे निस्तरण्यापेक्षा आत्ताच सावकाश हाच प्रोग्रॅम पायथॉन ३ वर आणा. फक्त मार्चअखेरीला हात घालू नका.

भाचीला मात्र नाही म्हणा. चौदा वर्षं चाललेल्या प्रोग्रॅममध्ये वाचनालयाचे असे नियम मुरलेले असतात, जे आता कार्यकारिणीतही कोणाला आठवत नाहीत: कोणाला दंड माफ, अनामत कधी परत, हरवलेल्या संचाची किंमत कशी धरायची. नव्याने लिहिताना नेमके हेच गळतात. आणि त्या मुलाला नावं ठेवू नका. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्येच आलं होतं हे खरं, पण २०१२ मध्ये कित्येक लोकप्रिय पॅकेजेस त्यावर चालतच नव्हती. त्या काळी कोणीही शहाण्याने २.७ च घेतलं असतं.

आता कामाचं. आरडाओरडा करणाऱ्या चुकांना घाबरू नका. नव्या पायथॉनवर चालवलं की प्रिंटला कंस नाही, रॉ-इनपुट ही जुनी आज्ञा सापडत नाही, असं म्हणून प्रोग्रॅम थांबतो आणि ओळ क्रमांकही सांगतो. त्यातल्या बहुतेक 'टू-टू-थ्री' हे साधन आपोआप दुरुस्त करतं. दाखल क्रमांकांत काही निव्वळ आकडे आणि काही '१२०अ' असा मजकूर असेल, तर जुनं पायथॉन ते निमूट क्रमाने लावायचं, नवं नकार देतं. चांगलंच आहे, यादीतला गोंधळ तरी दिसेल.

भीती आहे ती गप्प राहणाऱ्या बदलांची. पुस्तक दहा दिवस उशिरा आलं आणि आठवड्याला दोन रुपये दंड आहे असं धरा. जुन्या पायथॉनमध्ये १० भागिले ७ म्हणजे १, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच यायचा. दंड दोन रुपये. नव्यात तोच भागाकार १.४२८ येतो आणि पावतीवर छापून येतं २.८६. प्रोग्रॅम कुठेही अडत नाही. अडतो तो सभासद, आणि त्याचं बरोबरच असतं. उपाय सोपा: जिथे पूर्ण आठवडेच मोजायचे तिथे भागाकाराला एकाऐवजी दोन तिरक्या रेघा (//) द्या. ही खूण २.७ लाही कळते, म्हणून ही दुरुस्ती जुन्या प्रोग्रॅमवरच आधी करून घ्या. जागा शोधायला २.७ चालवताना वजा ३ (-3) हा पर्याय द्या, शंकास्पद भागाकारांपाशी तो इशारा देतो.

राउंडचंही, म्हणजे रक्कम पूर्ण रुपयांत आणणाऱ्या आज्ञेचंही, तसंच. परत द्यायची वर्गणी साडेबारा रुपये निघाली, तर जुनं पायथॉन १३ करायचं, नवं १२ करतं. साडेतेराचे मात्र दोन्हीकडे १४. नवं पायथॉन बरोबर अर्ध्यावरची रक्कम जवळच्या सम संख्येकडे नेतं. पैशांसाठी डेसिमल मॉड्यूल (दशांश अचूक मोजणारा पायथॉनमधलाच तयार भाग) वापरा आणि 'अर्धा वर' हा नियम स्वतः लिहून ठेवा.

आणि आपली देवनागरी! पायथॉन ३ ने जुन्याशी फारकत घेतली ती मुख्यतः मजकुरासाठीच. जुन्यात साधा मजकूर म्हणजे बाइटची माळ. युटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून 'वाचनालय' या शब्दाची लांबी जुन्यात २१ भरते आणि नव्यात ७. (डोळ्यांना पाचच अक्षरं दिसतात, काने वेगळे मोजले जातात.) तुमच्या लेबलवर तीस चिन्हं मावत असतील, तर त्या हुशार मुलाने 'पहिले ९०' असं लिहून ठेवलं असण्याची दाट शक्यता आहे. नव्यात ते खरंच नव्वद चिन्हं घेईल आणि पुस्तकाचं नाव लेबलाबाहेर जाईल. कोडमध्ये असे आकडे शोधा.

विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग युटीएफ-८ असं दर वेळी स्पष्ट लिहा, नाहीतर मराठी नावांचं कडबोळं होतं. काही नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, तर त्या फायली लॅटिन-१ (एका बाइटला एक चिन्ह धरणारं एन्कोडिंग) म्हणून वाचा म्हणजे बाइट जसेच्या तसे राहतील. त्यांचं युनिकोड करणं हे वेगळं काम आहे, यात मिसळू नका.

गेल्या वर्षाची सगळी देवघेव जुन्या प्रोग्रॅममधून काढून दंड, वर्गणी आणि लेबलं फायलीत साठवा. मग तीच नव्यातून काढा आणि दोन्ही फायली ओळीला ओळ लावून पाहा. फरक शून्य होईपर्यंत एकही 'सुधारणा' करायची नाही, भाचीने कितीही गळ घातली तरी. विंडोज ७ वर पायथॉन ३.८ च्या पुढे जाता येत नाही आणि ३.८ ची देखभालही ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली, तेव्हा अध्यक्षांकडे नव्या संगणकाचा विषय काढाच.

प्रश्न : पायथॉन ३.१३ बसवलं, पण 'टू-टू-थ्री' कुठेच सापडत नाही. – विद्यार्थी, नागपूर

उत्तर : ३.१३ मधून ते काढून टाकलं आहे. शेजारी ३.१२ बसवा, रूपांतर त्यात करा आणि मग ३.१३ वर चालवून पाहा. जुना वेब फॉर्म असेल तर फॉर्मची माहिती वाचणारं सीजीआय मॉड्यूलही ३.१३ मध्ये नाही. तो भाग हातानेच बदलावा लागेल.