युनिट टेस्टिंगनंतर पुन्हा चाचण्या कशाला?

प्रश्न : आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रत्येक जण आपल्या कोडचे युनिट टेस्टिंग काटेकोरपणे करतो. तरीही पुढे इंटिग्रेशन, सिस्टीम आणि अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंगसाठी वेगळा वेळ द्यावा लागतो. एकच काम चारदा करण्याचा हा प्रकार नव्हे काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नव्हे. एखादे फंक्शन दिलेल्या इनपुटला अपेक्षित उत्तर देते की नाही, एवढेच युनिट टेस्टिंगमधून कळते. प्रत्यक्षात ते इनपुट कोठून आणि किती मोठे येणार, हे कळत नाही. मॉड्यूलांची (सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र भागांची) आपसांतील देवाणघेवाण इंटिग्रेशन टेस्टिंगमध्ये, तर संपूर्ण प्रणालीचे वर्तन सिस्टीम टेस्टिंगमध्ये तपासले जाते. अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग ग्राहकाच्या गरजेच्या कसोटीवर होते.

केवळ सुटे भाग तपासणे का पुरत नाही, याचे एक उदाहरण पाहा. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपच्या एरियन-५ अग्निबाणाने पहिल्यांदा उड्डाण केले आणि मुख्य इंजिन पेटल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी त्याची दिशादर्शक यंत्रणा बंद पडून तो चार उपग्रहांसह नष्ट झाला. या यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियन-४ वर व्यवस्थित चाललेले होते. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग मात्र फार लवकर वाढत असे, त्यामुळे त्याच्याशी निगडित ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. राखीव संगणकातही तेच सॉफ्टवेअर असल्याने तोही त्याच कारणाने बंद पडला. खेदाची गोष्ट अशी की, ज्या गणनेत हा घोटाळा झाला तिची एरियन-५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती.

चौकशी समितीच्या अहवालातील दोन बाबी तुमच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहेत. नव्या उड्डाणमार्गाची आकडेवारी या यंत्रणेच्या स्पेसिफिकेशनमध्ये (अपेक्षित कामाच्या लेखी तपशिलात) घातलेलीच नव्हती, त्यामुळे घटकाच्या पातळीवर दोष दिसण्याची शक्यता फारशी नव्हती. संपूर्ण प्रणालीच्या चाचणीत तो दिसू शकला असता. पण तेथे खऱ्या यंत्रणेऐवजी तिचे सिम्युलेशन वापरले गेले.

आपण युनिट टेस्टमध्ये डेटाबेस किंवा पेमेंट गेटवेच्या जागी जे मॉक (खऱ्या घटकाची नक्कल करणारे तात्पुरते कोड) वापरतो, त्यांचेही असेच आहे. मॉक आपणच लिहिलेला असल्यामुळे आपल्याला न सुचलेली चूक तो सहसा करत नाही. वेळेची अडचण असल्यास अशा सर्व मॉकची यादी करावी आणि सिस्टीम टेस्टिंगमध्ये त्या जागी खरा घटक जोडून, ग्राहकाच्या प्रत्यक्ष वापराइतक्या डेटावर तेवढे भाग सर्वांत आधी तपासावेत.