अमेरिकन कॉलेज फुटबॉल: नोटर डेमने कॉन्फरन्समध्ये जावं का?

सध्या तरी नको, नोटर डेम विद्यापीठाच्या संघाने कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, न जाता स्वतंत्रच राहावं. १९९१ पासून त्यांचे घरच्या मैदानावरचे सामने एनबीसी ही टीव्ही वाहिनी दाखवते आणि त्या कराराच्या पैशात कॉन्फरन्समधले वाटेकरी नाहीत. फुटबॉल सोडून त्यांचे बाकीचे बहुतेक खेळ एसीसीत (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये) आहेतच. फुटबॉलमध्येही दरवर्षी साधारण पाच सामने एसीसीच्या संघांशी होतात, त्यामुळे वेळापत्रक भरायची मारामार नाही. तोटा एकच, पण चांगलाच झोंबणारा: कॉन्फरन्सचं विजेतेपदच नसल्याने प्लेऑफसाठी (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीसाठी) सगळी भिस्त निवड समितीवर. २०२५ मध्ये १० विजय आणि २ पराभव असूनही बाहेरच बसावं लागलं! मात्र हे गणित इतरांनी गिरवू नये. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा संघ २०१६ पासून स्वतंत्र खेळला, मार खात राहिला आणि २०२५ मध्ये मुकाट्याने मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्ये परतला.