ढोलकी का वाजत होती

लाडक्या सोनूस,

नगरहून तुझ्या मित्राच्या मातीचा व्हिडिओ कॉल संपला आणि तू विचारलंस, "आई, तो गेलाय, आणि ते लोक टाळ-ढोलकीवर भजनं कशी म्हणतात? भजन तर देवळात म्हणतात ना?" मी नुसती गाडीच्या किल्ल्या शोधत राहिले. ड्यूटीला उशीर होत होता हे खरं, पण तेव्हा तोंडातून शब्दही फुटला नसता. म्हणून आता लिहिते आहे.

एकोणीस वर्षांचं पोर. दर मे महिन्यात तुला सायकलवर डबलसीट घेऊन चर्चच्या आवारात हिंडवायचा. रक्ताच्या कॅन्सरने आठ महिन्यांत नेलं त्याला.

आधी भजनाचं सांगते. नारायण वामन टिळक हे मोठे कवी. 1895 साली बाप्तिस्मा घेऊन ते ख्रिस्ती झाले, पुढे बरीच वर्षं आपल्या नगरलाच राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. त्यांच्याआधी चर्चमध्ये बहुतेक विलायती चालींवरची भाषांतरित गीतं चालायची. टिळकांनी आपल्या माणसांच्या तोंडात बसतील अशी अभंगाच्या, ओवीच्या वळणाची पदं लिहिली. तुझ्या पणजीला अक्षरओळख नव्हती, पण ही पदं तिला पाठ होती. स्वतःचे शब्द आटतात तेव्हा माणूस पाठ असलेलंच म्हणतो गं. परवा अंगणात तेच चाललं होतं.

आता अवघड भाग. आपल्यात "प्रभूमध्ये झोपी गेला" असं म्हणतात. तू इंग्रजीत 'सेमेटरी' म्हणतेस ना, त्या शब्दाचं मूळही ग्रीक आहे, त्याचा अर्थ निजायची जागा. निजलेला उठतो. येशू उठला, म्हणून हाही उठेल, हा आपला विश्वास. वॉर्डात मी कितीतरी जणांचे डोळे मिटले आहेत, आणि दर वेळी मनात हेच म्हटलं आहे. मी ते सवयीने म्हणत नाही. मला ते खरं वाटतं.

पण त्याच्या आईला कुणीतरी म्हणालं, "रडू नका, आपल्याला आशा आहे." ते ऐकून माझा जीव तुटला. बायबलातल्या एका पत्रात थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला प्रेषित पौल लिहितो की, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका, असं तो कुठे म्हणतो? आणि आपला मित्र लाजार मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला. थोड्याच वेळात त्याला उठवणार होता, तरी रडला. केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई 1921 मध्ये चाळिसाव्या वर्षी गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. पुढच्याच एप्रिलमध्ये त्याही गेल्या, आणि ते बायबल 1924 मध्ये छापून आलं. लेक गेल्यावर त्या कागदांपुढे त्या कशा बसल्या असतील, हे गेले चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

तोच का गेला, हे मला माहीत नाही. देवाला बागेतलं चांगलं फूल हवं होतं, असं कुणी तुला सांगितलं तर ऐकून घे, पण मनावर घेऊ नकोस. आईच्या हातातलं पोर ओढून नेणारा देव मला बायबलात सापडत नाही. देवावर रागव हवं तर. बायबलातल्या स्तोत्रांत माणसं त्याच्यावर केवढ्याने ओरडली आहेत!

मूठमाती देताना त्याच्या आईचे हात तुला दिसले का? मावसभावाने फोन अगदी जवळ धरला होता. मूठ भरली, पण लगेच टाकली नाही. तळहातावरचे खडे एकेक वेचून बाजूला ठेवले, आणि मग मऊ माती हलकेच सोडली.

ईस्टरला, येशू उठला त्या दिवसाच्या सणाला, मी रजा टाकली आहे. पहाटेच्या अंधारात सगळी गल्ली मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जाते, आपण दोघीही जाऊ.

आणि ती ढोलकी त्याचीच होती. वाजवत होता त्याचा धाकटा भाऊ. दोनदा ठेका चुकला त्याचा. दोन्ही वेळा सगळे त्याच्यासाठी थांबले आणि पुन्हा धृपदापासून म्हणू लागले.

तुझी,
आई