विमा जगवायला कर्ज काढलं, आता कर्ज जगवायला कर्ज?

प्रश्न : मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनचा ऑपरेटर आहे. वय ३५, हातात पगार ३४ हजार. सिडकोत राहतो; घरी आई, बायको, एक मुलगी. तीन महिन्यांपूर्वी पॉलिसीचा हप्ता थकला होता आणि ग्रेस पिरियड (हप्ता भरायची वाढीव मुदत) संपत आला होता, म्हणून मोबाइल ॲपवरून ६० हजारांचं कर्ज घेतलं. दरमहा २१,८०० चे तीन हप्ते. पहिला पगारातून भरला, दुसऱ्यासाठी दुसऱ्या ॲपवरून २५ हजार उचलले. आता पहिल्याचा शेवटचा हप्ता आणि दुसऱ्याचे २८ हजार एकदमच आले आहेत. तिसरं ॲप ६० हजार द्यायला तयार आहे. ते घेऊन दोन्ही मिटवू, की बायकोच्या पाटल्या गहाण ठेवू? तिला यातलं काही माहीत नाही. गावाकडे वडिलोपार्जित जमीन आहे, सिंहस्थाच्या आधी भाव येईल, तेव्हा सगळं फेडता येईल.

उत्तर : तिसरं ॲप नको. पाटल्यांचं नंतर बोलू. आधी तुम्ही जाता जाता लिहून गेलात त्या ‘पॉलिसीच्या हप्त्या’कडे येऊ, कारण दुखणं तिथे आहे.

तुमच्याकडून मी पॉलिसीच्या कागदांचे फोटो मागवले. वर्षाला ६० हजार, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी साडेबारा लाख. ‘हमी’ या शब्दाखाली निळ्या बॉलपेनची रेघ आणि शेजारी कुणीतरी हाताने लिहिलंय, ‘६ चे १२.५’. तुम्ही बँकेत एफडी करायला गेला होतात, टेबलापलीकडच्या बाईंनी ‘एफडीपेक्षा चांगलं आहे, शिवाय टॅक्स वाचतो’ म्हणून हे गळ्यात मारलं. असे फोल्डर माझ्या टेबलावर दर मार्चमध्ये येतात. पेनाचा रंग तेवढा बदलतो.

सहाचे साडेबारा ऐकायला झकास वाटतं. पण पैसे सरासरी पंधरा-साडेपंधरा वर्षं अडकून पडतात. दर काढला तर पाच टक्क्यांच्याही आत. पीपीएफ ७.१ देतं आणि त्यासाठी कुणाला एसी केबिनमध्ये बसून चहा पाजावा लागत नाही. टॅक्सचं म्हणाल तर तुमचं उत्पन्न पाच लाखांच्या आत. जुन्या करपद्धतीतही रिबेट म्हणजे करमाफी मिळून तुमचा कर शून्यच होता. जो कर लागतच नव्हता तो वाचवायला तुम्ही वर्षाला ६० हजार देत आलात. आणि विमा किती? सहा लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर घर दीड वर्ष चालेल, फार तर.

आता दुसरी बाजू. ॲपवर लिहिलं होतं ‘महिना फक्त ३ टक्के’. ते तीन टक्के पूर्ण ६० हजारांवर, तिन्ही महिने. मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज तेवढंच. वर १० टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी, म्हणजे ७ हजार आधीच कापले. हातात आले ५३ हजार, परत द्यायचे साडेपासष्ट. हिशेब नीट मांडला तर हे महिन्याला ११ टक्क्यांच्या वर जातं, वर्षाला सव्वाशेच्या पुढे. राज्याच्या कायद्यात परवानाधारक सावकारालासुद्धा विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही.

म्हणजे पाच टक्के न देणाऱ्या वस्तूत भरायला तुम्ही सव्वाशे टक्क्यांनी पैसे उचललेत. तिसरं ॲप घेतलंत तर पुन्हा ५३ हजार हातात, त्यातून हे ५० हजार मिटतील आणि पुढच्या महिन्यापासून २१,८०० चा फेरा परत सुरू. सुरुवातीच्या ५३ हजारांपायी तुमच्या खिशातून ८७ हजार जातील. तेही चौथं ॲप न घेता.

गंमत अशी की जिला वाचवायला हा खटाटोप केला, तीच पॉलिसी तुम्हाला यातून बाहेर काढू शकते. चार हप्ते म्हणजे २ लाख ४० हजार भरून झालेत. चौथ्या वर्षी सरेंडर केली, म्हणजे मधेच बंद करून पैसे मागितले, तर साधारण निम्मे, १ लाख २० हजार मिळावेत. त्या सरेंडर रकमेच्या ८०-९० टक्क्यांपर्यंत विमा कंपनी कर्ज देते, व्याज नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास. तुम्हाला ५० हजारच हवे आहेत. उद्याच शाखेत अर्ज द्या, मूळ बाँड आणि रद्द केलेला चेक सोबत न्या. पैसे आले की दोन्ही ॲप त्याच दिवशी बंद करायचे, ‘नो ड्यूज’ म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र घ्यायचं, आणि बँकेत जाऊन दोन्ही ऑटो-डेबिट मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द करून यायचे. मँडेटचं शेवटचं काम लोक हमखास विसरतात.

फेडायचे कसे? पुढचा पाचवा हप्ता भरायचाच नाही. वर्षाचे ६० म्हणजे महिन्याचे पाच हजार. तेच पाच हजार दरमहा पॉलिसीच्या कर्जात टाका, अकरा महिन्यांत मोकळे. व्याज जेमतेम अडीच हजार.

‘हप्ता नाही भरला तर पॉलिसी बुडेल’ ही भीती तुम्हाला व्यवस्थित घातली गेली आहे. बुडत नाही, पेड-अप होते. चार हप्त्यांच्या हिशेबाने रक्कम कमी होते आणि मुदतीनंतर मिळते. शाखेतून दोन आकडे लेखी घ्या, तोंडी नकोत : आज सरेंडर केली तर किती, आणि पेड-अप ठेवली तर शेवटी किती. अजून सोळा वर्षं आहेत. सात टक्क्यांनी पैसे सोळा वर्षांत जवळजवळ तिप्पट होतात. पेड-अपचा आकडा सरेंडरच्या तिपटीहून जास्त असेल तर ठेवा. कमी असेल तर काढून घ्या, कर्ज वळतं करून उरलेले ७० हजार बँकेत वेगळ्या खात्यात ठेवा. शाखेतले लोक तिसराच आकडा दाखवतील, सगळे हप्ते भरले तर काय मिळेल तो. त्याच्याकडे बघू नका.

फसवून विकल्याची तक्रार आधी कंपनीकडे आणि मग विमा लोकपालाकडे करता येते, जरूर करा. मात्र तिच्या निकालावर घरखर्च बेतू नका. पेड-अप किंवा सरेंडर करण्याआधी ५० लाखांचा साधा टर्म प्लान, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या. तब्येत ठीक असेल तर वर्षाला आठ-दहा हजारांत बसेल, आणि आता त्यावर जीएसटीही नाही. शेवटी काही परत मिळत नाही म्हणून बाकावरचा मित्र हसेल. हसू द्या.

फोनचं राहिलं. वसुलीवाल्यांचा सकाळी ६.५२ चा मेसेज आणि मेहुणीला गेलेला त्यांचा कॉल, दोन्हींचे स्क्रीनशॉट तुम्ही पाठवलेत. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. कर्जाच्या ॲपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट उघडायचीही परवानगी नाही. ॲपमागच्या फायनान्स कंपनीचं नाव कर्जाच्या कागदावर असतं. तिच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फोन १४४४८. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या ॲपची यादी आहे, तुमची दोन्ही तीत आहेत का पाहा. आणि कुणी फोटो व्हायरल करायची धमकी दिली तर वाटाघाटी नकोत, सरळ सायबर हेल्पलाइन १९३० आणि शहराचं सायबर पोलीस ठाणं.

जमिनीचं थोडक्यात. तुम्हीच लिहिलंय की सातबारावर चार नावं आहेत, वाटणी झालेली नाही आणि एक चुलतभाऊ सुरतेला असतो. २०२७ च्या सिंहस्थाची वाट नाशिकमधला प्रत्येक प्लॉटवाला बघतोय. भाव येईलही, पण चार सह्या गोळा होईपर्यंत साधू परत गेलेले असतील. ती जमीन या हिशेबात धरू नका.

राहिल्या पाटल्या. सोनं अडचणीसाठीच असतं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं सोनेतारण ॲपपेक्षा हजारपट बरं. पॉलिसीचं कर्ज यायला आठवडा लागला आणि त्याआधी हप्त्याची तारीख आली, तर तेवढ्यापुरत्या ठेवा आणि पैसे आले की सोडवून आणा. पण गुपचूप नको. मेहुणीला वसुलीचा फोन गेलाय म्हणजे तुमच्या बायकोला कळलेलंच आहे, त्या तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत असतील. पॉलिसीवर नॉमिनी त्याच आहेत. शाखेत जाल तेव्हा त्यांना बरोबर घेऊन जा, आणि ते दोन आकडे त्यांच्या हातात येऊ द्या.