गोव्यात मित्रांसोबत डीजेवाल्या सुशी रेस्टॉरंटमध्ये जावं का? काय मागवावं?

तुम्ही सहा जण, त्यातले दोघे शाकाहारी, आणि सुशी, म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भाताचा, बहुधा माशासोबतचा जपानी पदार्थ, आजवर कुणीच खाल्लेली नाही. मोठ्या आवाजातली गाणी, रंगीत दिवे असल्या जागी सुशीची मजा येते का, असा प्रश्न आहे. मी फोंड्याचा. आमची टोळी आसगाव-हणजूण-वागातोरकडे अशा ठिकाणी बऱ्याचदा जाते. बिनधास्त जा. फक्त आधी जेवा, मग नाचा.

सुशी गप्प बसूनच खायची, हा समज सोडा. भाताच्या छोट्या मुटक्यावर माशाचा काप, म्हणजे निगिरी, एकोणिसाव्या शतकात एदोत, आजच्या टोकियोत, रस्त्यावरच्या गाड्यांवर उभ्याउभ्या हाताने खाल्ली जायची. तुम्हीही खुशाल हाताने खा. सोया सॉसमध्ये माशाची बाजू टेकवा, भाताची नको. भात सॉस पितो आणि मुटका सुटतो.

खरी मेख मागवण्यात आहे. सगळे जमले की मोठी थाळी एकदम मागवावीशी वाटते. मग फोटो होतात, कुणाचं आवडतं गाणं लागतं, दोघे उठतात, आणि तोवर रोलभोवतीची नोरी, ते समुद्री शेवाळाचं कुरकुरीत पान, सादळून चिवट होते. भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो तेव्हाच चांगला. एसीखाली राहिला की टणक पडतो. म्हणून एका वेळी दोनच प्लेट मागवा, त्या संपल्या की पुढच्या. वेटरला बसतानाच तसं सांगून ठेवा. टेमाकी, म्हणजे नोरीचा कोन, हातात पडताच खायचा.

पहिल्यांदाच खाताय तर सुरुवात शिजवलेल्यापासून करा: कोळंबी टेम्पुरा रोल. पातळ पिठात बुडवून तळायची ही रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात नेली. त्याच काळात, १५४९ मध्ये, फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच जपानला निघाला होता. टेम्पुरा खाताना मला याचं दरवेळी अप्रूप वाटतं. त्यानंतर सॅमनची निगिरी, आणि ती रुचली तर साशिमी, म्हणजे भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप.

कच्च्या माशाची धास्ती असेल तर एक लक्षात घ्या. बाजारात लाल कल्ले आणि चकचकीत डोळे बघून घेतलेलं इसवण (सुरमई) तळायला उत्तम, पण कच्चं खायला तेवढा ताजेपणा पुरत नाही. परजीवी मरावेत म्हणून मासा उणे २० अंशांवर सात दिवस किंवा त्याहून जास्त थंडीत कमी वेळ गोठवतात. तेव्हा 'सॅमन गोठवलेला आहे' असं ऐकलं तर नाक मुरडू नका, उलट निर्धास्त व्हा. स्थानिक मासा कच्चा वाढत असतील तर तो गोठवला होता का, हे मात्र जरूर विचारा.

शाकाहाऱ्यांसाठी काकडीचे आणि अ‍ॅव्होकॅडोचे रोल असतातच. पण मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, घातलेलं सूप साधं दिसलं तरी त्याचं पाणी, दाशी, बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाचं असतं. तळलेल्या टोफूच्या (सोया पनीरच्या) पिशवीत भात भरलेली इनारी आणि टेम्पुरासोबतची चटणीही पुष्कळदा दाशीतच होते. 'व्हेज आहे ना?' एवढं विचारून भागत नाही, 'दाशी कशाची?' असं विचारा. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहार, पाळणारा कुणी असेल तर दुसरा वार धरा.

वेळ साडेसातची घ्या. उघड्यावरचं संगीत रात्री दहाला बंद करायचा नियम आहे, त्यामुळे नऊपर्यंत जेवून झालं तर नाचायला तासभर मिळतो. साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, साधारण १५ टक्के अल्कोहोलची, बिअरच्या तिप्पट तरी. छोट्या पेल्यामुळे अंदाज चुकतो. बार्देसचे, म्हणजे या गावांच्या तालुक्यातले, रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे, म्हणून परतीची टॅक्सी जेवायला बसण्याआधीच ठरवून ठेवा.