वाचकांचे प्रश्न : स्नोमोबाइलसाठी बंद ट्रेलर घेताना

प्रश्न : आम्ही मिनिॲपोलिसजवळ राहतो. गेली काही वर्षे आम्ही दोघे आपापल्या स्नोमोबाइल (बर्फावरून धावणाऱ्या यंत्रगाड्या) उघड्या ट्रेलरवरून उत्तरेकडे नेत आलो आहोत, आणि हंगामात एकदा मिशिगनमधील किविनॉ द्वीपकल्पापर्यंत जातो. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पाणी उडून प्रत्येक फेरीनंतर यंत्रांवर पांढरा थर बसतो. यंदा मुलीसाठी तिसरी स्नोमोबाइल घेतली, त्यामुळे आता बंद ट्रेलर घ्यावा असे ठरले आहे. उन्हाळ्यानंतर तोच ट्रेलर मंडळाच्या गणेशोत्सवाचे मखर आणि ढोल नेण्यासाठीही वापरता यावा. आमच्या एसयूव्हीची ओढण्याची क्षमता ५,००० पौंड आहे. विक्रेत्याने पुढचा रॅम्प, इलेक्ट्रिक ब्रेक, कपाटे, हीटर, जादा दिवे, जमिनीवरच्या पट्ट्या आणि पेट्रोल भरण्याचे छोटे दार अशी यादी दिली आहे. सगळेच घेतले तर खर्च आवाक्याबाहेर जातो. पैसे नेमके कशावर घालावेत?
— एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : विक्रेत्याची यादी समोर ठेवून प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहावा : ही वस्तू पुढच्या वर्षी घरच्या गॅरेजमध्ये ड्रिल आणि स्क्रू घेऊन बसवता येईल का? दिवे, हूक, कपाटे, पट्ट्या आणि बांधण्याची कडी यांचे उत्तर ‘हो’ असे येईल. ट्रेलरची रुंदी, आतली उंची, पुढचा रॅम्प, चौकट, एक्सल आणि ब्रेक यांचे उत्तर ‘नाही’ असे येईल, किंवा ‘हो, पण दुप्पट खर्चाने’ असे येईल. आजचा पैसा या दुसऱ्या गटावर घालावा असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यातही पहिला विचार वजनाचा करावा, कारण आपल्या बाबतीत पैशापेक्षा वजनाचीच चणचण अधिक आहे. इंधन भरलेली एक स्नोमोबाइल सुमारे ६०० पौंडांची धरली, तर तिन्हींचे १,८०० पौंड होतात. तीन स्नोमोबाइल मावतील असा ॲल्युमिनियमच्या चौकटीचा बंद ट्रेलर रिकामा असतानाच २,००० पौंडांच्या आसपास भरतो; हेल्मेट, कपडे, अवजारे आणि जादा पेट्रोल धरले की एकूण आकडा ४,२०० पर्यंत सहज जातो. ५,००० च्या आत आहे म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचच्या, म्हणजे वाहनामागे ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या, बॉलवर यावा लागतो. त्याहून कमी आला तर ट्रेलर महामार्गावर डावी-उजवीकडे हेलकावू लागतो. ४,२०० पौंडांवर हा भार ४२० ते ६३० पौंड होतो आणि पुष्कळ एसयूव्हींच्या हिचची मर्यादा ५०० पौंडच असते. ट्रेलरच्या निमुळत्या नाकात बसवलेली कपाटे नेमका हाच भार वाढवतात, म्हणून ती मी आपल्या यादीतून आधी खोडली असती. आपल्या वाहनाच्या पुस्तिकेत हिचवरील भाराची मर्यादा आणि, दिलेली असल्यास, ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादा सही करण्यापूर्वी पाहून घ्यावी. उंच बंद ट्रेलरला समोरून येणारा वारा वजनाइतकाच दमवतो, म्हणून आत ताठ उभे राहता यावे एवढ्यासाठी जास्तीची सहा इंच उंची घेताना दोनदा विचार करावा.

ब्रेकचा प्रश्न मिनेसोटाच्या कायद्यानेच सोडवलेला आहे. एकूण वजन ३,००० पौंड किंवा त्याहून जास्त असेल तर ट्रेलरला ब्रेक असणे बंधनकारक आहे, आणि पुढेमागे ऑन्टारिओत जायचे झाले तर तिथेही हीच मर्यादा १,३६० किलो आहे. बाजारात एका एक्सलचे, कमाल एकूण वजन २,९९० पौंड नोंदवलेले ट्रेलर बरेच दिसतात, आणि हा आकडा त्या मर्यादेच्या खाली राहावा म्हणूनच ठेवलेला असतो. तीन स्नोमोबाइलसाठी तसा ट्रेलर घेऊ नये. दोन एक्सलचा, इलेक्ट्रिक ब्रेक असलेला ट्रेलर घ्यावा. त्यासाठी एसयूव्हीला सात पिनांचे कनेक्शन आणि चालकाच्या हाताशी ब्रेक कंट्रोलर लागतो. आतापर्यंतच्या उघड्या ट्रेलरसाठी आपल्याकडे चार पिनांचेच कनेक्शन असण्याची शक्यता आहे. हा खर्च विक्रेत्याच्या यादीत नसतो, तो आपण स्वतः लिहून ठेवावा.

रुंदीत दोन पर्याय येतात. कायद्याने परवानगी असलेली कमाल रुंदी साडेआठ फूट, म्हणजे १०२ इंच आहे, आणि तेवढ्यात दोन स्नोमोबाइल शेजारी-शेजारी उभ्या राहतात. सात फुटी ट्रेलर मात्र एसयूव्हीमागे पुष्कळ हलका वाटतो. १८ फुटांचा चौकोनी भाग आणि पुढे पाच फुटांचे निमुळते नाक असा सात फुटी ट्रेलर सर्वसाधारणपणे तीन स्नोमोबाइलचा म्हणून विकला जातो. स्नोमोबाइल पुढे चार फूट रुंद असली तरी मागचा ट्रॅक, म्हणजे यंत्र पुढे ढकलणारा रबरी पट्टा, जेमतेम सव्वा फूट रुंद असतो, त्यामुळे पुढच्या यंत्राच्या ट्रॅकशेजारी मागच्या यंत्राची एक स्की (पुढची घसरपट्टी) सरकवून त्या एकाआड एक बसवता येतात. घेण्यापूर्वी आपली तिन्ही यंत्रे प्रत्यक्ष त्यात चढवून पाहावीत. लांब ट्रॅकचे एखादे यंत्र असेल तर हा हिशेब बिघडतो.

अशा रचनेत पुढचा रॅम्प ही चैन राहत नाही. मागून चढवायचे आणि पुढून उतरवायचे, ही सोय नसेल तर एकमेकांत अडकवलेली तीन यंत्रे उलट्या दिशेने काढावी लागतात. रिव्हर्स असला तरी अरुंद जागेत, निसरड्या रॅम्पवर, उणे २० अंशांत ते काम किती वेळ आणि किती कंबर खाते, हे मी पुढचा रॅम्प नसलेल्या ट्रेलरबरोबर काढलेल्या दोन हंगामांत पुरेपूर अनुभवले आहे. या रॅम्पला एकच पथ्य आहे. दाराच्या कडेचे रबर ओले राहिले तर रात्रीत ते चौकटीला गोठून चिकटते, आणि घाईने दार ओढले की रबराची वीतभर पट्टी सुटून हातात येते. माझ्या नंतरच्या ट्रेलरचे तसेच झाले आणि पुढचे सगळे मीठपाणी त्या फटीतून आत येत राहिले. हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि मध्ये एकदा रबरावर सिलिकॉनचा फवारा मारावा, आणि निघण्याच्या सकाळी दार ओढण्याआधी कडेने हाताच्या मुठीने हलके ठोकावे.

हीटरविषयी माझे मत ठाम आहे : घेऊ नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि तीन भरलेल्या टाक्या ज्या बंद खोलीत आहेत तिथे ज्योत पेटवणारे कोणतेही उपकरण मला मान्य नाही. ओले बूट आणि हातमोजे मुक्कामाच्या खोलीत वाळवावेत. त्याऐवजी दोन्ही बाजूंना, एक खाली आणि एक वर, अशी वायुवीजनाची झरोकेवजा झडप जरूर घ्यावी, म्हणजे चालत्या ट्रेलरमधून हवा आरपार वाहते, वाफही जाते आणि वितळलेल्या बर्फाची ओलही वाळते. त्याचबरोबर दोन्ही रॅम्प पूर्ण उघडल्याशिवाय आत इंजिन सुरू करायचे नाही, हा नियम मुलीला पहिल्याच दिवशी सांगावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोल भरण्याचे छोटे दार आपल्याला लागेलच असे नाही. पंपावर यंत्रे न उतरवता टाकी भरता येते ही सोय खरी, परंतु त्यासाठी तेच यंत्र नेमके त्या दारासमोर उभे असावे लागते.

दिव्यांत एक बाब लोकांच्या ध्यानात येत नाही. एलईडी दिवे फारसे गरम होत नाहीत, त्यामुळे मागच्या तांबड्या दिव्यांवर उडालेला बर्फ वितळत नाही आणि शंभर मैलांनंतर ते पूर्ण झाकून जातात. प्रत्येक थांब्यावर ब्रशने पुसावेत. टायरचीही तशीच गोष्ट : तापमान दर १० अंश फॅरेनहाइट उतरले की हवेचा दाब साधारण एक पीएसआय घटतो, म्हणजे ६० अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे १० अंशांच्या पहाटे सात पीएसआयने कमी झालेली असते. दाब बाहेरच्या थंडीतच तपासावा.

मंडळाच्या सामानाचा विचार करता, भिंतींवर आणि जमिनीवर खाचांचे लोखंडी रूळ बसवून घ्यावेत. त्यांत पट्टा हवा तिथे अडकतो, त्यामुळे हिवाळ्यात स्नोमोबाइल आणि सप्टेंबरमध्ये मखराच्या चौकटी त्याच रुळांना बांधता येतात. स्कीच्या पट्ट्या मात्र रुंद आणि चपट्या निवडाव्यात. उंच कडेच्या पट्ट्यांवर ढोलांची ढकलगाडी अडखळते.

प्रश्न : आमच्याकडे जुना बंद ट्रेलर आहे. रॅम्पवर ट्रॅक घसरतो आणि आतले प्लायवुड जागोजागी चिरले आहे. संपूर्ण जमिनीवर प्लास्टिकचे आवरण घालावे का?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर : संपूर्ण जमिनीवर घालू नये. स्कीखाली कार्बाइडच्या धारदार दांड्या असतात, त्या लाकूड चिरतात. म्हणून स्की जिथून सरकतात तिथे प्लास्टिक हवे. ट्रॅकला मात्र पकड लागते, आणि प्लास्टिकवर तो जागच्या जागी फिरतो. रॅम्पवर आणि आत दोन बाजूंना प्लास्टिक, मध्ये ट्रॅकच्या मार्गावर खडबडीत रबर, अशा तीन पट्ट्या रॅम्पपासून पुढच्या टोकापर्यंत अखंड लावाव्यात. चिरलेले प्लायवुड त्याआधी बदलावे, कारण चिरांत मुरलेले मीठपाणी खालून लाकूड कुजवते आणि चौकटीचे बोल्टही खाते. पट्ट्या बसवताना खालून चौकटीचे आडवे दांडे कुठे आहेत ते खडूने आखून घ्यावे आणि स्क्रू तिथेच घ्यावेत. आणि चढवताना ट्रेलर वाहनाला जोडलेलाच असावा : जोडलेला नसताना स्नोमोबाइल मागच्या टोकावर आली की पुढचे टोक वर उचलले जाते आणि रॅम्प यंत्रासह खाली बसतो.