रोमन पंडित आणि शब्दांची व्युत्पत्ती

प्रश्न : आमच्या मालवण भागात बहुतेक प्रत्येक वाडीच्या नावामागे एखादी कथा सांगितली जाते. प्राचीन रोमन पंडितही लॅटिन शब्दांची व्युत्पत्ती अशीच लावत असत काय? तिच्यावर कितपत भरवसा ठेवावा?
– एक वाचक, मालवण

उत्तर : या विषयातले सर्वांत मोठे नाव मार्कस टेरेंटियस व्हॅरो (इ. स. पू. ११६ ते २७) याचे. लॅटिन भाषेवर त्याने २५ भागांचा ग्रंथ रचला. त्यातले ५ ते १० एवढेच भाग आज हाती आहेत. त्याच्या काळी वर्णांच्या बदलाचे नियम कोणाला ठाऊक नसल्याने पुष्कळशी भिस्त उच्चारसाम्यावर होती. व्हॅरोचा गुरू एलियस स्टिलो याच्या मते कोल्हा ‘पायांनी उडतो’, म्हणजे ‘वोलात पेदिबुस’, म्हणून त्याला ‘वुल्पेस’ म्हणत. ही व्युत्पत्ती आज कोणी मानत नाही. ‘पेकुनिया’ म्हणजे पैसा हा शब्द ‘पेकुस’ म्हणजे गुरेढोरे यावरून आला, हे व्हॅरोचे म्हणणे मात्र आजही ग्राह्य आहे.

‘लूकुस’ या शब्दाची हकिगत विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या कोकणातल्या देवराईला लॅटिनमध्ये हाच शब्द शोभेल. राईत दाट सावलीमुळे उजेड कमी, म्हणून उलट अर्थाने तिचे नाव ‘प्रकाशणे’ या क्रियापदावरून पडले, ही उपपत्ती पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियनने हास्यास्पद ठरवली. आधुनिक भाषाशास्त्र मात्र त्या शब्दाचा संबंध प्रकाशवाचक धातूशीच जोडते, कारण त्याचा मूळ अर्थ रानातली मोकळी, उजेडाची जागा असा होता. संस्कृत ‘लोक’ हा त्याचाच सगोत्र मानला जातो. धातू बरोबर होता, पण त्यामागे सांगितलेले कारण चुकीचे होते.

माझ्या मते व्हॅरोचे खरे मोल त्याने जपलेल्या पुराव्यात आहे. दुपारला लॅटिनमध्ये ‘मेरिदिएस’ म्हणत. तो मुळात ‘मेदिउस दिएस’, म्हणजे मधला दिवस, असून पूर्वी त्यात ‘र’च्या जागी ‘द’ होता, असे सांगून रोमजवळच्या प्राएनेस्ते या गावातील सूर्यघड्याळावर ‘द’ कोरलेला आपण स्वतः पाहिल्याची नोंद तो करतो. हे मत आजही टिकून आहे. आपल्या वाडीच्या नावाची कथा अवश्य लिहून ठेवावी. परंतु व्युत्पत्ती ठरवण्यापूर्वी जुन्या सनदांत, महसुली दप्तरात किंवा देवळातल्या शिलालेखात ते नाव कोणत्या रूपात आढळते, हे पाहावे.